पट्टीतली हमाली

शेतकरी बंधूंनो, पेठेतून आलेली पट्टी तुम्ही कधी वरपासून खालपर्यंत वाचता काय? बहुतेकांची वाचायची रीत आम्हांस ठाऊक आहे. आधी डोळा जातो तळाशी, हातात काय पडणार त्या आकड्यावर. तो पाहून तोंड कडू झाले म्हणजे डोळा वर चढतो आणि वजावटीच्या रकान्यांवर येऊन थांबतो. मोटारभाडे, भराई, हमाली, तोलाई. गाडीवाला गावचाच असतो, त्याला बोलायची सोय नाही. मग सारा राग हमालीवर निघतो. "आम्ही चार महिने मातीत लोळलो, आणि हा बाबा पाच मिनिटांत आपला वाटा घेऊन मोकळा झाला!" सातगाव पठारावरचा बटाटा असो की मंचरकडचा कांदा असो, पट्टी आली की हे बोलणे घरोघर ऐकू येते. आमच्या घरातही ते होत असे आणि सर्वांत मोठा आवाज आमचाच असे, हे आधीच सांगून टाकतो.

आता यातली मौज पाहा. ज्याने भाव पाडला त्याचा रकाना पट्टीत नसतो. तुमच्या मालाची शहरातल्या गिऱ्हाइकाने काय किंमत दिली हेही पट्टी सांगत नाही. हमालाची मजुरी तेवढी छापलेली असते, म्हणून ती दिसते, आणि जो दिसतो तो चोर ठरतो.

एका वर्षी कोबीची गाडी घेऊन आम्ही स्वतः पुण्याला गुलटेकडीच्या बाजारात गेलो. रात्रभर जागरण झालेले, भाव मनासारखा निघेना, आडत्याने हिशेबाला दुपारपर्यंत बसवून ठेवले. शेजारच्या गाळ्यावर एक उतारवयाचा हमाल पोते घेऊन फळीवरून चढत होता. बोली ओळखीची वाटली म्हणून गाव विचारले. आमच्याच डोंगराच्या पलीकडचा निघाला. भावकीत वाटणी होऊन वाट्याला आले एक खाचर आणि थोडे माळरान. तेवढ्यावर घर चालेना म्हणून पोरवयात पुण्याला आलेला. आम्ही जरा खोचकपणे म्हणालो, "पट्टीत तुमचं नाव वाचतो आम्ही." तो घाम पुसत म्हणाला, "ठाव हाये मला. माझ्या घरीबी कांदा असतोय. आम्हालाबी पट्टी येती."

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. दुपारी त्यानेच आम्हाला जेवायला नेले, 'कष्टाची भाकर' या खानावळीत. भाकरी, पिठले, कालवण. बाजूला एक रिक्षावाला, पलीकडे वह्या घेतलेली दोन कॉलेजची पोरे. आम्ही त्याच्या पैशाने जेवतो आहोत असे वाटून संकोचलो, तर तो म्हणाला, "तुमचे पैसे तुम्हीच द्या. हितं फुकाट काय बी नाय."

ती भाकर ज्याने चुलीवर चढवली ते डॉ. बाबा आढाव ८ डिसेंबर २०२५ रोजी पुण्यात वारले. पंचाण्णव वर्षांचे होते. मोठमोठ्या वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने लिहिले, पुढाऱ्यांनी शोकसंदेश दिले. आपल्या जुन्नर-आंबेगावकडच्या शेतकरी घरांत मात्र हे शहरातल्या मजुरांचे कुणी पुढारी गेले एवढ्यावरच राहिले. ते आमच्या मते बरोबर नाही. या माणसाच्या कामात आपल्याला उचलण्याजोगे बरेच आहे, आणि ते हार-फुलांखाली झाकून टाकणे हा तोटा आपला आहे.

बाबा पेशाने डॉक्टर. नाना पेठेत त्यांचा दवाखाना. पेठेतला डॉक्टर म्हणजे त्याच्याकडे हमाल येणारच. मान धरली, कंबर गेली, छातीत कळ येते. औषध द्यावे, माणसाने दोन दिवस बरे व्हावे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच शंभर किलोचे पोते त्याच मानेवर. असल्या दुखण्याला बाटलीतले औषध नाही हे कुठल्याही शहाण्या वैद्याला कळेल, आणि बहुतेक वैद्य ते कळूनही बाटली देतच राहतात. बाबांनी पोत्याकडे पाहिले. १९५० च्या दशकाच्या मध्यात पुण्यात हमाल पंचायत उभी राहिली ती यातून.

हा मनुष्य तुरुंगातला जुना पाहुणा होता. त्याच दशकाच्या आरंभी धान्याच्या महागाईविरुद्ध सत्याग्रह करून तो आत जाऊन आला होता. पुढे आयुष्यभरात पन्नासहून अधिक वेळा आत गेला, आणि आणीबाणीत येरवड्याची हवा खाल्ली. आपल्याकडे तुरुंगवासाचे काय होते ते आपण पाहतोच. सुटला की हार, हारावरून खुर्ची, खुर्चीवरून एक 'प्रतिष्ठान'. प्रतिष्ठानच्या फलकावर स्वतःचा फोटो, खाली मुलाचा फोटो, आणि दिवाळीला गरिबांना साखरेची पिशवी. पिशवीवरही फोटो! गरिबाने साखर खावी आणि फोटो जपावा अशी ही योजना आहे.

दुसऱ्या वाटेने गेलेली माणसे थोडी, पण आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांना १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याच्या प्रकरणात खोटी साक्ष देण्यास सांगितले. त्यांनी नाकारले, म्हणून पोलिसांचा छळ आणि तुरुंग त्यांच्या वाट्याला आला. तिथून बाहेर पडलेल्या माणसाने १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. मंचरला तिचेच कॉलेज आहे, आपली मुले-मुली तिथे जातात. त्यांतल्या किती जणांना आपल्या कॉलेजाचे मूळ एका खोट्या साक्षीच्या नकारात आहे हे ठाऊक असेल, देव जाणे.

बाबा त्याच वाटेचे. त्यांनी हमालांना काय दिले असे विचारले तर, खरे सांगायचे म्हणजे, काहीच दिले नाही. वर्गणी हमालांची, सभा हमालांची, संपात बुडालेली रोजी हमालांची. सावकाराच्या तावडीतून सुटायला पतपेढी काढली, तिच्यातला पैसाही हमालांचाच. १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू झाली ती ना नफा ना तोटा या बोलीवर. भाकरी थापायला कष्टकरी बाया, खायला कष्टकरी गडी, आणि हिशेब पंचायतीचा. पोटाला लागणारी गोष्ट रास्त दरात आणि मानाने मिळावी एवढेच तिचे ब्रीद. जेवणारा पैसे मोजतो, म्हणून भाकरी कच्ची असेल तर तो तोंडावर बोलू शकतो. साखरेची पिशवी घेणाऱ्याला तसे बोलता येते काय?

याच्या शेजारी दुसरी एक भाकर ठेवून पाहा. १९९५ साली राज्यात सत्तापालट झाला आणि नव्या सरकारने एक रुपयात झुणका-भाकर द्यायची योजना आणली. गरिबाला स्वस्त अन्न मिळावे या हेतूला आम्ही नावे ठेवत नाही. पण भाकरी सरकारची, जागा सरकारची, केंद्र कुणाला द्यायचे हे पुढाऱ्याच्या हाती. काही वर्षांत सरकारचा पैसा आटला, भाकरी गेली आणि मोक्याच्या जागेवरच्या टपऱ्या तेवढ्या उरल्या. हमालांची भाकर तिच्या आधी वीस वर्षे सुरू झाली होती आणि तिच्या मागे टिकून राहिली. दोन्हींचे पीठ ज्वारीचेच होते.

आता कोणी म्हणेल, पंचायत काढून हमालांचे बरे झाले, पण भुर्दंड आमच्या पट्टीवर पडला त्याचे काय? हा प्रश्न टाळून जाणे आम्हांस मंजूर नाही, कारण ज्याच्या घरात दर हंगामाला पट्टी येते त्याला तो पडणारच.

१९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी मोठी झुंज दिली. हा कायदा चालतो कसा ते समजून घ्या. अंगमेहनतीच्या मजुराला कायम मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या. म्हणून त्याला ना फंड, ना बोनस, ना म्हातारपणी काही. कायद्याने एक मंडळ नेमले. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने मजुरी मजुराला द्यायची आणि लेव्हीतून त्याचा भविष्यनिर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी, दवापाणी बघायचे. सरकारी कचेरीतल्या शिपायाला जे मिळते ते थोडेफार पोते उचलणाऱ्याला मिळू लागले. यात तुमचे आमचे काय बिघडले?

बिघडते ते पुढे. व्यापाऱ्याच्या खिशातून जायचे ते वळणे घेत घेत शेतकऱ्याच्या पट्टीवर येऊन बसते. इलेक्ट्रॉनिक काटा आला, आकडा आपोआप दिसतो, तरी तोलाई कशाची, हा शेतकऱ्याचा सवाल रास्त आहे. तो विचारलाच पाहिजे. पण तो विचारायचा कुणाला? पोते उचलणाऱ्याला विचारून काय होणार? माल ज्याने विकत घेतला, उचलून नेणे ज्याची गरज, उचलण्याचा खर्च त्याच्या वहीत असला पाहिजे. हे अशक्य आहे असे व्यापारी सांगतील. आडतीबद्दलही ते असेच सांगत होते. पिढ्यान् पिढ्या आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली गेली. जुलै २०१६ मध्ये सरकारने ठरवले की फळे-भाजीपाल्याची आडत खरेदीदाराने द्यावी. व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले, जग बुडाल्यासारखा ओरडा केला. जग काही बुडाले नाही. छुप्या वाटा कुठे कुठे निघाल्या असतील, पण पट्टीतला रकाना दगडावर कोरलेला नसतो आणि तो हलवता येतो, हे त्या वर्षी सर्वांनी डोळ्यांनी पाहिले.

मग हमालीचा नि तोलाईचा रकाना का हलत नाही? कारण तो हलवायला शेतकरी आणि हमाल एका बाजूला बसावे लागतील. ते बसत नाहीत. शेतकरी हमालाला शिव्या देतो, हमाल शेतकऱ्याला बागाईतदार समजतो, आणि गादीवर बसलेला दोघांकडे पाहून पान खातो.

आपल्या मुलखाला ही गोष्ट नवी वाटू नये. १८८५ च्या सुमारास जुन्नर तालुक्यातल्या कुळांनी जे केले ते आज शाळेच्या पुस्तकात फारसे येत नाही. सावकारांनी जमिनी घशात घातल्या होत्या आणि त्याच जमिनी मूळ मालक कुळे होऊन कसत होते. जोतीराव फुले आणि त्यांच्या सत्यशोधक मंडळींच्या पाठबळावर कुळांनी ठरवले की सावकाराचे रान नांगरायचेच नाही. जमिनी पडीक राहिल्या. खतफोडीचे बंड म्हणून ते ओळखले जाते. त्यात ना खून, ना जाळपोळ. औत घरात ठेवायचे, एवढाच डाव. पण औत घरात ठेवले म्हणजे त्या वर्षीची चूलही थंडावते. ती जळती ठेवायला शेजाऱ्याने शेजाऱ्याला पायलीभर दाणे दिल्याखेरीज असला बेत तडीस जात नाही. लढा आणि आपसांतली मदत यांची फारकत त्या माणसांनी केली नव्हती. हल्लीचे विद्वान मात्र करतात. लढणारे वेगळे, 'विधायक' काम करणारे वेगळे, आणि विधायकवाल्याने मोर्चाला जाऊ नये!

बाबांनी ती फारकत मानली नाही. सकाळी पतपेढीचा हिशेब आणि दुपारी सत्याग्रह. १९७२ च्या दुष्काळात गावोगाव फिरून 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ त्यांनी चालवली, तेव्हा त्यांना दिसले की पाणी आटले तरी सोवळे आटत नाही. धरणग्रस्तांच्या लढ्यातही ते उभे राहिले. धरणाखाली जमीन गेलेल्याचे पुनर्वसन कायद्याने व्हावे म्हणून लोक झगडले आणि १९७६ साली महाराष्ट्रात तसा कायदा झाला.

तो कायदा आपल्या आंबेगावला किती पुरला, ते डिंभ्याच्या काठी जाऊन विचारावे. घोड नदी अडली, जुने आंबेगाव पाण्याखाली गेले. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव दिले. महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मोटारीखाली चिरडला गेला. नाव थोर आहे. पण त्या पाण्याच्या कडेला राहिलेल्या महादेव कोळी आणि कातकरी घरांना नावाने पोट भरता येत नव्हते. पाणी कालव्यांनी खाली गेले. खालचे हिरवे झाले, वरचे उपाशी राहिले.

तिथे कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांनी 'शाश्वत' ही संस्था काढली. तिच्या कामातली आम्हांस भावलेली गोष्ट अशी की बाहेरून आणलेले फारसे काही नव्हते. उन्हाळ्याकडे जलाशय ओसरतो आणि गाळाची जमीन उघडी पडते. त्या गाळपेरीवर बुडालेल्या गावच्या माणसांचाच हक्क असावा म्हणून झगडा केला. जलाशयातली मासळी बाहेरच्या ठेकेदाराकडे जात होती. आदिवासींची मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली आणि जाळे त्यांच्या हाती आले. पडकई तर त्यांच्या आज्यापणज्यांची. उताराला दगडाच्या ताली घालून भाताची खाचरे करायची, आज सर्वांनी तुझ्या रानात, उद्या सर्वांनी माझ्या. तिला रोजगार हमीची मजुरी मिळवून दिली, म्हणजे घरचे काम करताना घरात दाणेही आले. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक या संस्थेला मिळाले. दिल्ली-न्यूयॉर्कला ठाऊक झालेली ही गोष्ट घोडेगाव-मंचरच्या बागाईतदाराला ठाऊक नसावी, याला काय म्हणावे?

पडकईला पुढे बोलही लागला. ३० जुलै २०१४ रोजी डोंगर खचून माळीण गाव गाडले गेले, दीडशेच्या आसपास जीव गेले. डोंगराला हात लावला म्हणून हे झाले असे काहींनी म्हटले आणि पडकईकडे बोट दाखवले. हाताने, दगड रचून, पाण्याला वाट ठेवून केलेली पडकई आणि यंत्र घालून डोंगराचा पाय कापणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. परंतु हेही मान्य केले पाहिजे की मजुरीचा सरकारी पैसा दिसला की यंत्रवाले वास काढत येतात, आणि जिथे गावाची नजर हिशेबावरून हटते तिथे पडकई नावापुरती राहून काम यंत्राचे होऊ शकते. स्वावलंबन हे एकदा करून ठेवून द्यायचे काम नव्हे. गायीसारखे ते रोज पाहावे लागते.

आणखी एक अडचण तिथे आहे, आणि तिला स्वावलंबनाचे औषध नाही. गाळपेर कधी उघडी पडणार हे जलाशय कधी ओसरतो यावर ठरते, आणि जलाशय कधी ओसरतो ते कालव्याचे आवर्तन ठरवते. आवर्तनासाठी भांडायला खालच्या तालुक्यांचे आमदार असतात. गाळपेर करणाऱ्याच्या बाजूने त्या बैठकीत कोण बोलतो? जो म्हणतो की गरिबाने आपल्या पायावर उभे राहावे, त्याने आधी त्याच्या पायाखालची जमीन कोणाच्या हाती आहे ते सांगावे.

जे जमते ते मात्र आपण करत नाही. नारायणगावला टोमॅटोच्या दिवसांत पहाटेपासून गाड्यांची रांग लागते. तिथे मजुरांचा अड्डा भरतो, डोंगरातल्या आदिवासी बाया-गडी कामाच्या आशेने उभे राहतात. क्रेट उचलणारे हमाल, गाडीवर झोपणारे ड्रायव्हर, दूरवरून आलेले शेतकरी. एवढ्या माणसांना पोटभर, ताजे आणि रास्त दरात अन्न देणारी एक चूल त्यांची त्यांनीच चालवायला काय हरकत आहे? आपल्याकडे बायकांचे बचत गट गावोगाव आहेत. पापड-लोणच्याच्या पुढे त्यांना कुणी जाऊ देत नाही, आणि मेळाव्यात टाळ्या वाजवायला तेवढे बोलावतात. भाकरी थापणे ही त्यांची विद्या. ती बाजारात मानाने विकण्याइतके भांडवल दहा-बारा गटांनी मिळून जमेल. पहिल्या वर्षी तोटा येईल. हमालांनाही चटके बसले असतीलच.

आणि पट्टीचे काय, ते गावातच सुरू करता येते. आपल्या गावच्या किती घरांतले माणूस पुण्या-मुंबईच्या बाजारात पोती उचलते, त्याची यादी एका संध्याकाळी होईल. आमच्या आळीत आम्ही ती केली. निम्म्या घरांत कोणी ना कोणी निघाले: मेहुणा, चुलता, एका घरी सख्खा थोरला भाऊ. ज्याला दहा वर्षे शिव्या घातल्या तो घरचाच. अशा माणसांनी दिवाळीला गावी आल्यावर पारावर बसावे, शेतकऱ्यांनी आपल्या पट्ट्या आणाव्यात आणि रकान्या-रकान्याने विचारावे: हे पैसे तुला खरेच मिळाले काय? लेव्ही कुणी भरली? तोलाई कुणी घेतली? घेणाऱ्याचे नाव आणि दर पट्टीवर का नाही?

मागल्या हंगामाच्या पट्ट्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्या चुलीत घालू नयेत. कपाटात, पिशवीत, देवाच्या फोटोमागे, जिथे असतील तिथून काढून एकत्र टाचून ठेवाव्यात. दिवाळीला लागतील.